८ जीबी की १२ जीबी: पीसीआय ३.० मदरबोर्डवर आरटीएक्स ४०६० आणि आरटीएक्स ३०६०

प्रकरणातले मशीन असे: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड, डीडीआर४-३२०० ची १६ जीबी रॅम (८ जीबीच्या दोन स्टिक), ४५० वॅटचा पॉवर सप्लाय, १०८०पी आणि १४४ हर्ट्झचा मॉनिटर. जुने ४ जीबीचे ग्राफिक्स कार्ड बदलायचे आहे. वापर दुहेरी आहे. गेम खेळायचे आहेत, आणि ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घरांच्या अंतर्भागाचे सीन सायकल्स इंजिनवर रेंडर करायचे आहेत. समोर एनव्हिडियाचे दोन पर्याय आहेत: आरटीएक्स ३०६० (१२ जीबी) आणि आरटीएक्स ४०६० (८ जीबी). प्रोसेसर, बोर्ड आणि पॉवर सप्लाय यांना हात लावायचा नाही.

नवे ते वेगवान, म्हणून ४०६० घ्या, असे उत्तर पटकन मिळते. बहुतेक गेममध्ये ते खरेही आहे. पण हा बोर्ड आणि हे रेंडरचे काम धरले की हिशेब बदलतो.

कागदावर

| | आरटीएक्स ३०६० | आरटीएक्स ४०६० |
|---|---|---|
| बाजारात | फेब्रुवारी २०२१ | जून २०२३ |
| चिप | जीए१०६, सॅमसंग ८ नॅनोमीटर | एडी१०७, टीएसएमसी ४एन |
| कूडा कोअर | ३५८४ | ३०७२ |
| बूस्ट क्लॉक | १७७७ मेगाहर्ट्झ | २४६० मेगाहर्ट्झ |
| व्हीरॅम (कार्डावरची मेमरी) | १२ जीबी जीडीडीआर६ | ८ जीबी जीडीडीआर६ |
| मेमरी बस | १९२ बिट, १५ गिगाबिट/सेकंद | १२८ बिट, १७ गिगाबिट/सेकंद |
| एल२ कॅश (चिपमधली जलद मेमरी) | ३ एमबी | २४ एमबी |
| पीसीआय (बोर्डाशी जोडणी) | ४.०, १६ लेन | ४.०, ८ लेन |
| वीज | १७० वॅट | ११५ वॅट |

नुसते कोअर मोजले तर ३०६० पुढे दिसते. पण कोअर गुणिले क्लॉक गुणिले दोन केले, की ३०६० चे १२.७ टेराफ्लॉप्स (सेकंदाला लाख कोटी गणिते) होतात आणि ४०६० चे १५.१. म्हणजे ४०६० सुमारे १९ टक्क्यांनी वर. १०८०पी वर, व्हीरॅम पुरत असताना आणि फ्रेम जनरेशन (खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्डाने बनवलेल्या फ्रेम घालणे) बंद ठेवून, दोन्हींतला फरक साधारण याच पट्ट्यात येतो. टेराफ्लॉप्सवरून गेमचा वेग सांगणे एरवी धोक्याचे असते. इथे कंपनी एकच आणि कोअरची रचना जवळची, म्हणून ते बऱ्यापैकी जमते.

मेमरीत मात्र पारडे उलटे आहे. १९२ बिट भागिले ८ गुणिले १५ म्हणजे सेकंदाला ३६० जीबी. १२८ भागिले ८ गुणिले १७ म्हणजे २७२ जीबी. नवे कार्ड इथे जवळपास चौथाईने मागे आहे, आणि ही तूट एल२ कॅश भरून काढते. आठपट मोठ्या कॅशमुळे बरीच माहिती चिपमध्येच सापडते आणि व्हीरॅमपर्यंत जायची वेळ कमी येते. रिझोल्यूशन वाढले की कॅशमध्ये मावणारा वाटा घटतो. म्हणूनच ४०६० ची आघाडी १०८०पी वर जास्त असते आणि १४४०पी, ४के कडे जाताना आटते. पण कॅश फक्त बँडविड्थची उणीव झाकते. ८ जीबीचे १२ जीबी ती करू शकत नाही.

स्लॉटमधली अडचण

बी४५० बोर्डाचा वरचा स्लॉट पीसीआय ३.० आहे. प्रोसेसर ४.० चा असला तरी बोर्ड ३.० चाच, त्यामुळे जोडणी ३.० वर होते. ३.० ची एक लेन (माहितीची एक वाट) एका दिशेने सेकंदाला सुमारे ०.९८५ जीबी नेते. ३०६० ला १६ लेन मिळतात, म्हणजे १५.७५ जीबी. ४०६० कडे मुळातच ८ लेन आहेत, म्हणून तिथे ७.८८ जीबी. स्लॉट १६ लेनचा असला तरी उरलेल्या ८ लेन रिकाम्याच राहतात.

सगळे टेक्श्चर (पृष्ठभागांवरची चित्रे) आणि जॉमेट्री (वस्तूंचे आकार) व्हीरॅममध्ये मावत असेल तर हा फरक बहुतेक वेळा जाणवत नाही. मावेनासे झाले की ड्रायव्हर काही भाग मुख्य रॅममध्ये ढकलतो, आणि लागेल तेव्हा तो याच स्लॉटमधून ओढून आणावा लागतो. ६० एफपीएससाठी (सेकंदाला ६० फ्रेम) एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात ८ लेनच्या ३.० जोडणीतून जास्तीत जास्त १३१ एमबी येऊ शकतात. एखाद्या फ्रेमला ३०० एमबी बाहेरून लागले तर नुसत्या वाहतुकीतच ३८ मिलिसेकंद जातात, चित्र काढणे त्यानंतर. व्हीरॅमचा वेग २७२ आणि या वाटेचा ७.८८, म्हणजे जवळपास ३४ पटींचा फरक. ४.० बोर्डावर हेच १९ मिलिसेकंदांत होते. तेही वाईटच, पण निम्मे वाईट. एकाच कार्डाबद्दल दोन माणसे अगदी उलट मते देतात त्याचे एक कारण हे: दोघांचे बोर्ड वेगळे असतात.

जोडणी खरोखर किती लेनची आहे हे जीपीयू-झेड या सॉफ्टवेअरमध्ये ‘बस इंटरफेस’ या ओळीत दिसते. ४०६० साठी या बोर्डावर ‘एक्स८ ३.०’ आणि ३०६० साठी ‘एक्स१६ ३.०’ असे दिसायला हवे. एक गोची आहे: कार्ड रिकामे असताना वीज वाचवायला जोडणी १.१ वर उतरते आणि पाहणारा घाबरतो. त्या ओळीशेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून छोटी रेंडर चाचणी चालू करावी आणि मग आकडा वाचावा. भार असतानाही लेन कमी दिसल्या तर कार्ड खालच्या स्लॉटमध्ये बसवले आहे का, नीट दाबून बसले आहे का, मध्ये रायझर केबल आहे का, हे पाहावे. बी४५० बोर्डांवर खालचा लांब स्लॉट दिसायला वरच्यासारखाच असला तरी सहसा चिपसेटवरून ४ लेनचा आणि २.० चा असतो.

बायॉसमधला रिसायझेबल बार (प्रोसेसरला सगळी व्हीरॅम एकदम वापरू देणारी सोय) दोन्ही कार्डांसाठी चालू ठेवावा. त्यासाठी ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ चालू, सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करण्याची सोय) बंद आणि विंडोज जीपीटी डिस्कवर यूईएफआय पद्धतीने टाकलेले असावे लागते. डिस्क जुन्या एमबीआर प्रकारची असताना सीएसएम बंद केला तर मशीन बूटच होत नाही, म्हणून आधी डिस्कचा प्रकार तपासावा. एका कार्डाला चालू आणि दुसऱ्याला बंद, अशी तुलना केली तर ती बाद समजावी.

चाचणीची मांडणी

दोन्ही कार्डांना एकच ड्रायव्हर आवृत्ती चालते, ही या जोडीतली सोय. तरीही कार्ड बदलल्यावर क्लीन इन्स्टॉल करावे. जुन्या कार्डासाठी ठरवलेली क्लॉकची प्रोफाइल किंवा फ्रेम मर्यादा मागे राहून जाते. व्ही-सिंक, जी-सिंक, एफपीएस मर्यादा आणि रिफ्लेक्स या फ्रेमचा वेग बदलणाऱ्या सोयी बंद. डायनॅमिक रिझोल्यूशन बंद. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करण्याची सोय) ‘ऑटो’वर कधीही ठेवू नये, बंद ठेवावे किंवा दोन्हींना एकच ठरावीक पातळी द्यावी. गेमचे ग्राफिक्स ‘आपोआप ओळखा’ असे असेल तर कार्ड बदलताच सेटिंग गुपचूप बदलते. प्रत्येक वेळी सेटिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवणे हा त्यावर साधा उपाय.

कार्ड बदलल्यावर शेडर कॅश निरुपयोगी होते आणि शेडर (चित्र काढणारे छोटे प्रोग्राम) नव्याने तयार होतात. त्यामुळे नव्याने बसवलेल्या कार्डाची पहिली फेरी नेहमी अडखळते. ती फेरी टाकून द्यायची. पुढे १०-१५ मिनिटे भार देऊन कार्ड गरम करायचे, कारण तापमान वाढते तसा बूस्ट क्लॉक पायरीपायरीने उतरतो. थंड कार्डावरचा आकडा दिसायला छान, पण तासाभराच्या खेळात टिकत नाही. मग त्याच सेव्ह फाइलपासून, त्याच रस्त्याने, ६० सेकंदांच्या तीन फेऱ्या. तीनपैकी एक फारच वेगळी आली तर सरासरीत न घुसवता कारण शोधावे: बहुतेक वेळा मागे अपडेट किंवा अँटिव्हायरस चालू असतो.

अंगभूत बेंचमार्क सोयीचे असतात. पण ते दोन-चार मिनिटांत संपतात, आणि व्हीरॅम भरायला काही गेमना २०-३० मिनिटे नकाशावर भटकावे लागते. ८ जीबीच्या कार्डाची खरी परीक्षा लहान बेंचमार्कमध्ये होतच नाही.

सरासरी कशी फसवते

प्रेझेंटमॉन किंवा कॅपफ्रेमएक्स ही मोजणीची सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ सीएसव्ही फाइलमध्ये लिहितात. हिशेब कळावा म्हणून एक बनवलेली फाइल घेऊ. एकूण १००० फ्रेम: ९८० फ्रेम १० मिलिसेकंदांच्या, १२ फ्रेम २० च्या, ८ फ्रेम ६० च्या. एकूण वेळ १०,५२० मिलिसेकंद. १००० फ्रेमना या वेळेने भागले की ९५ एफपीएस. ही बरोबर सरासरी. प्रत्येक फ्रेमचा एफपीएस वेगळा काढून त्यांची सरासरी केली तर ९८.७ येते. ते चूक आहे, कारण त्यात संथ फ्रेमचे वजन कमी पडते. एक्सेलमध्ये हाताने हिशेब करणारे हमखास इथेच चुकतात.

आता ‘१ टक्का लो’, म्हणजे सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा वेग. एक पद्धत ९९ वा पर्सेंटाइल घेते: सर्वांत संथ फ्रेमपासून मोजत दहावी फ्रेम, म्हणजे २० मिलिसेकंद, म्हणजे ५० एफपीएस. दुसरी पद्धत सर्वांत संथ दहा फ्रेमची सरासरी काढते: आठ गुणिले ६० अधिक दोन गुणिले २०, भागिले दहा, म्हणजे ५२ मिलिसेकंद, म्हणजे १९ एफपीएस. फाइल एकच, नाव एकच. उत्तर एकीकडे ५० आणि दुसरीकडे १९. एका सॉफ्टवेअरचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी ठेवून कार्डांची तुलना करणे म्हणूनच व्यर्थ. या प्रकरणात दुसरी पद्धत वापरावी, कारण व्हीरॅम अपुरी पडल्यावर येणारे मोजके पण मोठे झटके पहिलीच्या हातून निसटतात.

याच फाइलसमोर सलग ११ मिलिसेकंदांनी फ्रेम देणारे कार्ड ठेवा. त्याची सरासरी ९१, म्हणजे चार फ्रेमनी ‘हरले’. खेळायला बसलेला माणूस मात्र डोळे मिटून दुसरे कार्ड निवडेल.

आधी प्रोसेसरचा परिणाम बाजूला काढा

१०८०पी वर रायझन ५ ३६०० अनेक गेममध्ये कार्डाच्या आधी दमतो. अशा गेममध्ये दोन्ही कार्डे जवळजवळ सारखा एफपीएस देतात. तो निकाल ‘दोन्ही कार्डे सारखीच’ असा वाचू नये. तिथे मोजला गेला तो प्रोसेसर. ओळखायची रीत सोपी आहे. रेंडर स्केल (चित्र काढण्याचे रिझोल्यूशन) ५० टक्क्यांवर आणा. एफपीएस जागचा हलला नाही तर अडसर प्रोसेसरचा आहे. प्रेझेंटमॉनच्या नव्या आवृत्त्यांत ‘जीपीयू बिझी’ हा रकाना असतो. फ्रेम टाइम १२ मिलिसेकंद आणि जीपीयू बिझी ७ असेल तर उरलेला वेळ कार्ड नुसते वाट पाहत बसले आहे. स्पर्धात्मक शूटर गेममध्ये कमी सेटिंगवर असे सर्रास दिसते. तेवढेच खेळायचे असेल तर या मशीनवर कोणतेही कार्ड घेतले तरी फारसे बिघडत नाही.

गेममध्ये हद्द कुठे आहे

उरलेल्या, म्हणजे खरोखर कार्डावर भार टाकणाऱ्या गेममध्ये, एकच प्रश्न महत्त्वाचा: गेम ८ जीबीत राहतो की नाही. आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये दिसणारा ‘मेमरी युसेज’ हा राखून ठेवलेल्या मेमरीचा आकडा असतो. गेमला खरोखर तेवढी लागतेच असे नाही. १२ जीबीच्या कार्डावर एखादा गेम ९ जीबी दाखवतो आणि ८ जीबीच्या कार्डावर तोच गेम सुखाने चालतो, असेही होते. त्यामुळे नुसत्या त्या आकड्यावरून निकाल देऊ नये.

खरे लक्षण टास्क मॅनेजरमध्ये सापडते. परफॉर्मन्स टॅबमध्ये जीपीयू निवडला की ‘डेडिकेटेड’ आणि ‘शेअर्ड’ असे दोन आलेख दिसतात. डेडिकेटेड छताला टेकलेला, शेअर्ड हळूहळू चढतो आहे आणि त्याच वेळी फ्रेम टाइमच्या आलेखात सुळके उठत आहेत. तिन्ही एकदम दिसले की व्हीरॅम ओसंडली. विंडोज, ब्राउझर आणि दुसरा मॉनिटर हेही व्हीरॅम खातात, म्हणून ८ जीबीतले सगळे ८ गेमच्या वाट्याला येत नाहीत. ब्राउझरचे हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद केल्यावर झटके थांबले, तर कार्ड अगदी काठावर आहे असे समजावे.

काही गेम झटके न देता वेगळीच युक्ती करतात: जागा संपली की टेक्श्चर कमी दर्जाचे लावतात. आलेख सपाट, एफपीएस उत्तम, आणि भिंतीवरची अक्षरे वाचता येत नाहीत. आकड्यांच्या तक्त्यात हे कधीच उमटत नाही. एकाच जागी उभे राहून दोन्ही कार्डांवर स्क्रीनशॉट काढल्याशिवाय तुलना पूर्ण होत नाही.

४०६० वाल्यासाठी यातून सुटका आहे. टेक्श्चरची सेटिंग ‘अल्ट्रा’वरून ‘हाय’वर आणली की बरीच मेमरी मोकळी होते आणि १०८०पी वर फरक शोधावा लागतो. टेक्श्चर व्हीरॅममध्ये मावत असेल तर या सेटिंगचा एफपीएसवर जवळपास परिणाम नसतो. मावत नसेल तर सगळा परिणाम हिचाच. रे ट्रेसिंगही (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढणे) स्वतःची मेमरी मागते.

फ्रेम जनरेशनचा मुद्दा वेगळा ठेवावा. डीएलएसएसचे अपस्केलिंग दोन्ही कार्डांवर चालते, डीएलएसएसचे फ्रेम जनरेशन फक्त ४०६० वर. ते चालू करून आलेला एफपीएस ३०६० च्या साध्या एफपीएसशेजारी ठेवू नये. मधल्या फ्रेम कार्डाने तयार केलेल्या असतात, माउसला मिळणारा प्रतिसाद खऱ्या फ्रेमच्या वेगाने येतो आणि विलंब थोडा वाढतोच. शिवाय तेही व्हीरॅम घेते. म्हणजे ज्या गेममध्ये ४०६० आधीच काठावर आहे, तिथे ही सोय चालू केल्यावर तोल जाऊ शकतो. मूळ वेग ६० च्या आसपास असेल तर ती उपयोगी, ३० असेल तर नाही.

ब्लेंडर

सीन मावत असेल तर सायकल्समध्ये ४०६० स्पष्टपणे वेगवान आहे: क्लॉक जास्त आणि रे ट्रेसिंगचे कोअर पुढच्या पिढीचे. दोन्हींवर ऑप्टिक्स (हे कोअर वापरणारी रेंडर पद्धत) निवडावे. एकावर कूडा आणि दुसऱ्यावर ऑप्टिक्स ही चूक अनेक तुलनांत आढळते.

पण घराच्या अंतर्भागाचा सीन टेक्श्चरनेच फुगतो. ४०९६ गुणिले ४०९६ चे ८-बिट टेक्श्चर, चार चॅनेल धरून, मेमरीत ६४ एमबी घेते. डिस्कवर ती जेपीजी ५ एमबीची असली तरी काही फरक पडत नाही, कारण ती उलगडूनच वापरली जाते. एका मटेरियलला रंग, रफनेस आणि नॉर्मल अशी तीन टेक्श्चर धरली तर १९२ एमबी. अशी ३० मटेरियल म्हणजे ५,७६० एमबी. तेच टेक्श्चर ३२-बिट फ्लोट ईएक्सआर असेल तर एकटेच २५६ एमबी. त्यावर जॉमेट्री, तिचा बीव्हीएच (किरण कुठे आदळतो ते शोधायची रचना), डीनॉइझरची (चित्रातले ठिपके पुसणाऱ्या भागाची) जागा आणि विंडोजचा वाटा धरला की ८ जीबी कधी ओलांडले ते कळतही नाही. या प्रकरणातले सीन रेंडर करताना ९ ते १० जीबी मागतात असे धरले आहे. स्वतःच्या सीनचा आकडा पाहायचा असेल तर रेंडर खिडकीच्या वरच्या ओळीतला ‘पीक’ वाचावा. खरेदीआधी करायची ही सर्वांत उपयुक्त चाचणी. ती जुन्या कार्डावर, अगदी प्रोसेसरवर रेंडर करूनही ढोबळमानाने होते.

ओलांडल्यावर दोनांपैकी एक घडते. ‘आउट ऑफ मेमरी’ म्हणून रेंडर थांबते, किंवा काही भाग मुख्य रॅममध्ये जाऊन रेंडर रांगत चालते. दुसरे जास्त त्रासदायक, कारण चूक दिसत नाही, फक्त वेळ वाढतो. आणि रांगणे त्याच ७.८८ जीबीच्या वाटेने. इथे रॅमही १६ जीबीच आहे: ब्लेंडर स्वतः सीनची एक प्रत रॅममध्ये ठेवते, त्यात व्हीरॅममधून सांडलेले आले की विंडोज डिस्कवर स्वॅप करू लागते.

‘सिम्प्लिफाय’मध्ये टेक्श्चरची मर्यादा २०४८ केली की प्रत्येक ४के टेक्श्चर ६४ वरून १६ एमबीवर येते. वरचे ५,७६० एमबी १,४४० होतात. दूरच्या वस्तूंसाठी हे चालते, कॅमेऱ्यासमोरच्या लाकडाच्या रेषांसाठी नाही, आणि ही मर्यादा सरसकट लागते. जवळच्या वस्तू वाचवायच्या तर उरलेली टेक्श्चर हाताने लहान करत बसावे लागते.

निवड

या मशीनसाठी, या कामासाठी: ३०६०, १२ जीबी. गेममध्ये सहाव्या हिश्श्याइतका वेग सोडावा लागतो आणि फ्रेम जनरेशनही. पण त्यातला बराच वेग ३६०० प्रोसेसर १०८०पी वर तसाही वापरू देत नव्हता. उलट रेंडरमध्ये काम होते की नाही, असाच प्रश्न होता. वीज ५५ वॅट जास्त लागते. रोज चार तास पूर्ण भार धरला तर वर्षाला सुमारे ८० युनिट. प्रोसेसर पूर्ण भाराला ८८ वॅटपर्यंत जातो, कार्ड १७०, बाकीचे ५० धरले तर ३१० च्या आत बसते, म्हणून चांगल्या प्रतीचा ४५० वॅटचा पॉवर सप्लाय पुरतो.

ब्लेंडर नसते तर ४०६० घेणे बरोबर ठरले असते, टेक्श्चर ‘हाय’वर ठेवण्याच्या अटीवर. व्हिडिओ एन्कोडिंग हे मुख्य काम असते तरीही ४०६०, कारण एव्ही१ (नवा व्हिडिओ फॉरमॅट) एन्कोड फक्त त्यात आहे. ३०६० एव्ही१ नुसते डीकोड करते.

३०६० घेताना नावावर विसंबू नये. याच नावाचे ८ जीबीचे कार्ड २०२२ च्या अखेरीस आले: कोअर तेवढेच, पण बस १२८ बिट आणि बँडविड्थ २४० जीबी. ४०६० ची मोठी कॅश नाही आणि १२ जीबीही नाही, म्हणजे या कामासाठी दोन्हींकडून तोटाच. जीपीयू-झेड मध्ये मेमरी १२,२८८ एमबी आणि बस १९२ बिट दिसलीच पाहिजे. कार्ड वापरलेले असेल तर ओसीसीटी (OCCT) या सॉफ्टवेअरमध्ये व्हीरॅमची चाचणी पूर्ण चालवावी आणि त्रुटी शून्य असेल तरच ठेवावे. मग अर्धा तास सलग रेंडर देऊन हॉटस्पॉटचे (चिपवरच्या सर्वांत गरम जागेचे) तापमान पाहावे. ते जीपीयूच्या तापमानापेक्षा २० अंशांहून बरेच वर पळत असेल तर थर्मल पेस्ट वाळली आहे किंवा हीटसिंक नीट बसलेली नाही. पेस्ट बदलताना मेमरीवरच्या पॅडची जाडी मोजूनच नवे पॅड घ्यावेत, कारण जाड पॅड बसवले तर हीटसिंक चिपवर टेकत नाही आणि तापमान आधीपेक्षा चढते.